गळा गोड आहे, पुढे काय?

पर्युषणाच्या किंवा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत हिंगोली, वसमत, सेनगाव येथील मंदिरांत अन् स्थानकांत एखादी मुलगी स्तवन म्हणू लागते, सभा क्षणभर स्तब्ध होते आणि ज्येष्ठ श्रावक कौतुकाने म्हणतात, "गळा गोड आहे हो पोरीचा!" बारावीचा निकाल लागला की त्याच मुलीचा प्रवेश अर्ज वाणिज्य शाखेकडे जातो. हळदीच्या आडतीत वा कापडाच्या दुकानात हिशेब जाणणारे माणूस लागते. गाणे मात्र पूजेपुरते राहते.

वस्तुतः संगीताचे शास्त्र जैन परंपरेला परके नाही. दिगंबर आचार्य पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' हा तेराव्या शतकातील ग्रंथ, तर श्वेतांबर मुनी सुधाकलश यांचा 'संगीतोपनिषत्सारोद्धार' इ.स. १३५० चा. हिंगोलीची भूमीही स्वराला अनोळखी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मान्यता पावलेले नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात रागांनुसार लावलेली आहेत.

अडचण श्रद्धेची नसून अंतराची आहे. सतरा वर्षांच्या मुलीला एका रात्रीच्या प्रवासाइतक्या दूर, पुण्यास एकटी ठेवावी काय, हा प्रश्न आईवडिलांना खरोखर सतावतो आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. यावर एक मध्यम मार्ग आहे. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कला महाविद्यालयात काढावीत आणि पाया पक्का झाल्यावर विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे वळावे. मराठवाड्यातील काही महाविद्यालयांत संगीत हा बी.ए.चा विषय आहे. हिंगोली जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. नांदेड रोज ये-जा करण्याजोगे नसले, तरी दर रविवारी घरी येण्याजोगे आहे.

हा मार्ग पूर्वी जोखमीचा होता. मध्येच महाविद्यालय सोडले की झालेले वर्ष पाण्यात जाई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर चित्र पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम केले. व्यापारी घराला ही कल्पना लगेच उमजावी, कारण ती खातेवहीसारखीच आहे. वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक जमा होतात, ते विद्यार्थ्याच्या नावावर राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आवश्यक जास्तीचे श्रेयांक पुरे केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबताही येते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली.

मात्र खात्यात शिल्लक आहे म्हणून माल मिळेलच असे नाही. दुसऱ्या विद्यापीठात जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा आणि संगीतात बहुधा गाऊनही दाखवावे लागते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरू-शिष्य पद्धतीचा वारसा आहे. तेथे गुणपत्रिकेपेक्षा आवाज, तालाची जाण आणि रियाजाची तयारी अधिक पाहिली जाणार. म्हणून दुसरे वर्ष संपण्याची वाट न पाहता, जेथे जायचे तेथील विभागाशी पहिल्याच वर्षी पत्रव्यवहार करावा आणि आपल्या अभ्यासक्रमाची छापील प्रत जपून ठेवावी. पुढे हीच प्रत कामी येते.

आणखी एका गैरसमजाने अनेक घरांत नुकसान होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी होतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या चढणे हे मोठे तप आहे. तथापि, "विशारद झाली, म्हणजे पदवीधर झाली" असे समजून बी.ए. सोडून देणे धोक्याचे. विशारदाला मान आहे, काही ठिकाणी तिचा विचारही होतो. परंतु पुढे एम.ए. करून महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर विद्यापीठाची पदवी लागते. दोन्ही एकाच वेळी चालविणे हाच शहाणपणाचा व्यवहार. सकाळी महाविद्यालय, सायंकाळी गुरुजींचा वर्ग.

मराठवाड्यात राहून असे जगता येते याचे उदाहरण पं. नाथराव नेरळकरांचे. नांदेडच्या मातीतून आलेला हा गायक पुढे औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीत शिकवीत राहिला आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांच्यापर्यंत चालत आला. मुंबई-पुण्यात बिऱ्हाड हलविल्यावाचून गवई होत नाही, हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा ठरविला.

राहिला प्रश्न दुकानाचा. संगीत शिकलेला मुलगा गादीवर बसणारच नाही असे कोणी सांगावे? पण त्याला बसवायचेच असेल, तर ते बारावीच्या उन्हाळ्यात ठरविण्याची घाई नको. दोन वर्षांनी जमा श्रेयांकांचा उतारा हाती असेल, गळ्याची खरी ताकद गुरुजींनी पारखलेली असेल आणि मुलालाही स्वतःचे मन कळलेले असेल. तेव्हा त्याच्याशी दिवाणखान्यात बसून बोलावे, आणि त्या बैठकीला गुरुजींनाही बोलवावे.