भाताच्या तुसाची राख पाणी शुद्ध करते? रीलमधल्या ‘बाटली फिल्टर’मागचं खरं गणित

कापलेली प्लास्टिकची बाटली, त्यात वाळू, खडी, कोळसा. वरून गढूळ पाणी ओतायचं, खालून नितळ पाणी येतं. असं रील तुम्हीही पाहिलं असेल. बावधनमध्ये अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून आहेत, त्यामुळे तिथे असा व्हिडिओ ग्रुपवर फिरणारच. पण ते पाणी प्यायचं का?

याचं उत्तर पुण्यातच सापडतं. १९८० च्या दशकात हडपसरच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राने भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ नावाचा स्वस्त फिल्टर तयार केला. २००४ च्या त्सुनामीनंतर तो आपत्तीग्रस्त भागात वाटलाही गेला.

राखच का? तर भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. तूस जाळलं की मागे सिलिका आणि थोडा कार्बन उरतो. या राखेत असंख्य बारीक छिद्रं असतात. गाळ तिथे अडकतो, तर वास आणि रंग कार्बन बऱ्यापैकी शोषून घेतो. आणि कच्चा माल जवळपास फुकट! १०० किलो भात भरडला तर साधारण २० किलो तूस निघतं आणि ते जाळल्यावर चारेक किलो राख उरते. मुळशीसारख्या भाताच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको.

अडचण एकच. राख जंतूंना अडवते, पण सगळ्यांना नाही. अडकलेले जंतूही मरत नाहीत, उलट ओलसर राखेत ते वाढू शकतात. म्हणून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला तेव्हा त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. राख गाळणार, चांदी जिवाणू मारणार. वीज नको, नळ नको. किंमत ७४९ रुपयांपासून. ३,००० लिटरचं काडतूस २९९ रुपयांना, म्हणजे लिटरला १० पैसे. काडतुसाची क्षमता संपली की पाणी आपोआप थांबायचं.

रीलमधल्या बाटलीत यातलं काहीच नसतं. गाळ जातो, पाणी चकाचक दिसतं आणि फसगत तिथेच होते.

मग साधं गाळणं वायाच का? तसंही नाही. बांगलादेशात जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात आणि ते प्लवक कापडात अडकतात. सगळे जंतू इतके सोयीचे नसतात.

बोअरवेलच्या पाण्यातले क्षार किंवा नायट्रेटही राखेने जात नाहीत आणि कापडानेही नाही. जंतूंची शंका असेल, तर आधी गाळा, मग किमान एक मिनिट खळखळून उकळा. क्रम उलटा नको, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंबही नीट काम करत नाहीत.