स्पर्धेसाठी चित्रफीत पाठवा, पण मालकी सांभाळून

इंटरनेटवरून भरणाऱ्या चित्रफीत स्पर्धांच्या जाहिराती आता घरोघरी मोबाइलवर येऊन पडतात. पाच मिनिटांची फिल्म बनवा, पाठवा आणि लाखाचे बक्षीस मिळवा, असा त्यांचा मजकूर असतो. नवशिक्यांचा गट वेगळा, अनुभवी मंडळींचा वेगळा. सिन्नरच्या गॅरेजमध्ये, टेलरिंगच्या दुकानात किंवा माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा तरुण ही जाहिरात वाचतो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो की हा पोरखेळ आहे की यात काही धंदा आहे?

यात धंदा आहे. मात्र तो धंद्याच्या रीतीने करावा लागतो. चित्रफीत हाही मालच आहे. कपड्याचा तागा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी आपण भाव ठरवतो, मोजमाप करतो, उधारी असेल तर चोपडीत नोंद करतो. चित्रफितीच्या बाबतीत मात्र आपले कारागीर अटी न वाचता "मान्य" हे बटण दाबून मोकळे होतात. नेमके तिथेच नुकसान होते.

वाटाण्याच्या वेलाने उभे केले भांडवल

नाशिक जिल्ह्याला हा व्यवहार नवा नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. चित्रपटात पडण्यापूर्वी ते छायाचित्रण आणि छपाईच्या व्यवसायात होते, म्हणजे मूळचे कारागीरच. १९१२ साली ते लंडनला गेले, काम शिकले आणि कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. यंत्र आले, पण भांडवल नव्हते. सावकार नुसत्या बोलण्यावर पैसा सोडत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुर उगवण्यापासून वेल वाढेपर्यंतचा सारा प्रवास एका लहानशा फितीत बसवला. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. ती पाहून धनकोंचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

आजच्या स्पर्धेतली चित्रफीत हे त्या वाटाण्याच्या वेलाचेच काम करते. ती आपल्या हुन्नराचा नमुना असते. फाळक्यांनी नमुना दाखवला, पण तो देऊन टाकला नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले.

मालेगावने काय कमावले, काय गमावले

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे. यंत्रमागाचे हे शहर शुक्रवारी सुट्टी घेते आणि त्या दिवशी सिनेमाची थिएटरे भरतात. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी सन २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा चित्रपट बनवला. मुंबईत एका गाण्याच्या चित्रीकरणावर उडतो त्याहून कितीतरी कमी पैशात तो पूर्ण झाला. यंत्रमागावर काम करणारे लोकच त्यात नट झाले. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवर आले. आगगाडी लुटायची होती, त्याऐवजी बस लुटली. अडचणीतून हसू निर्माण झाले आणि लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. तो बनताना दिग्दर्शिका फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो देशोदेशीच्या महोत्सवांत दाखवला गेला आणि २०१२ साली भारतातल्या थिएटरांतही आला. याच मंडळींच्या आयुष्यावर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट काढला. २०२४ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशभर प्रदर्शित झाला.

नाव झाले, याबद्दल वाद नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर धडा वेगळाच दिसतो. मालेगावचे चित्रपट गाजलेल्या चित्रपटांच्या नकला होत्या. कथा दुसऱ्याची, पात्रे दुसऱ्याची. माल व्हिडिओ सीडीवर विकला जाई आणि सीडीची नक्कल काढायला कोणालाही वेळ लागत नसे. अशा मालावर मालकी सांगणे कठीण. सीडीचा बाजार बसला तसा त्या उद्योगाचा जोरही ओसरला. त्याच शहरातल्या कलाकारांनी पुढे यूट्यूबची वाट धरली. 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती आज करोडो वेळा पाहिल्या जातात. मोठी यंत्रे नसतानाही आपल्या माणसांना बाजार मिळू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न फक्त हक्काचा उरतो.

स्पर्धा कोणत्या प्रकारच्या असतात?

सर्वसाधारणपणे तीन प्रकार दिसतात. पहिला सरकारी किंवा निमसरकारी संस्थांचा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग २०१५ पासून लघुपट स्पर्धा घेतो. कोणत्याही भारतीय भाषेतली चित्रफीत चालते, पण खाली इंग्रजी अक्षरे द्यावी लागतात. अलीकडच्या वर्षांत पहिले बक्षीस दोन लाखांचे राहिले आहे आणि प्रवेश शुल्क घेतले जात नाही. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१ पासून पस्तिशीच्या आतल्या तरुणांसाठी वेगळी निवड सुरू झाली. पहिल्या वर्षी ७५ जण निवडले गेले.

दुसरा प्रकार खासगी महोत्सवांचा. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट'ने पन्नास तासांत फिल्म बनवण्याची स्पर्धा देशभर नेली. त्यात व्यावसायिक, हौशी आणि मोबाइलवर चित्रण करणारे असे गट ठेवले गेले. इथे प्रवेश शुल्क असते. म्हणून खिसा पाहून उतरावे.

तिसरा प्रकार कंपन्यांचा. अमेरिकेत डोरिटोस या वेफर्सच्या ब्रँडने गिऱ्हाइकांनाच जाहिरात बनवायला सांगितले. २००९ साली इंडियाना राज्यातल्या दोन हौशी भावांनी दोन हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात जाहिरात केली, ती सर्वांत लोकप्रिय ठरली आणि त्यांना दहा लाख डॉलर मिळाले. या बातमीतला दुसरा भाग मात्र कोणी वाचत नाही. जिंकतात एक-दोघे आणि कंपनीच्या पदरात पडतात शेकडो लोकांच्या कल्पना. तो कंपनीचा नफा आहे. तिने तो घ्यावा, पण आपण किती देतो आहोत हे आपल्याला माहीत असावे.

आपला माल कोणता?

नकलेपेक्षा आपले काम दाखवावे. २४ जुलै २०१० या एकाच दिवशी जगभरातल्या लोकांनी आपापले रोजचे जीवन चित्रित करून यूट्यूबवर पाठवले. ऐंशी हजार चित्रफिती आल्या. त्यांतून 'लाइफ इन अ डे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार झाला. त्यात नट नव्हते की सेट नव्हता. साध्या माणसांची साधी कामे होती.

पिंजाऱ्याच्या हाताखाली कापूस कसा फुलतो, मणियार मनगटाचे माप न घेता बांगडी कशी चढवतो, बागवान फळाला हात लावून ते कधी पिकेल हे कसे सांगतो, हे मुंबईच्या स्टुडिओत मिळणार नाही. फाळक्यांनीसुद्धा पौराणिक चित्रपटांबरोबर तळेगावच्या काच कारखान्यावर लघुपट केला होता. आपला हुन्नर हीच आपली कथा, आणि तिच्यावर दुसरा कोणी मालकी सांगू शकत नाही.

सिन्नरकरांनी एक खबरदारी मात्र घ्यावी. विडी हा इथला जुना उद्योग. तेंदूचे पान भिजवणे, कापणे, वळणे, दोरा बांधणे हे सारे पडद्यावर उत्तम दिसेल. परंतु २००३ च्या कायद्याने तंबाखूजन्य मालाच्या जाहिरातीवर बंदी आहे. म्हणून विडी कामगारांच्या कष्टावर फिल्म करावी, विडीच्या छापावर करू नये. बंडलावरचे नाव चौकटीत येऊ देऊ नये. चित्रपटात तंबाखू दिसल्यास इशारा दाखवण्याचेही नियम आहेत. ते आयोजकांना आधी विचारून घ्यावेत.

सही करण्यापूर्वी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रफितीचा पहिला मालक तिचा निर्माता असतो, म्हणजे जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो तो. पैसे मोजून दुसऱ्याकडून चित्रफीत करवून घेतली तर, उलट करार नसेल तर, मालकी करवून घेणाऱ्याची. तीन दोस्त मिळून फिल्म करणार असतील तर खर्च कोणाचा, नाव कोणाचे आणि बक्षिसाची वाटणी कशी, हे एका कागदावर आधीच लिहून तिघांनी सह्या कराव्यात. दोस्ती टिकवायची तर हिशेब चोख ठेवावा लागतो.

आयोजकांच्या अटींमध्ये दोन शब्दांवर बोट ठेवून वाचावे. "परवाना" म्हणजे माल आपला, वापरायची मुभा त्यांना. "हस्तांतरण" म्हणजे मालच त्यांचा झाला. पहिली अट साधारणतः चालण्यासारखी असते. दुसरी अट बक्षीस न मिळणाऱ्या चित्रफितींनाही लागू असेल तर तो सौदा तोट्याचा समजावा. हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे लिहिलेले नसेल तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढीच मर्यादा धरतो. परंतु अटींत "कायमचे" आणि "जगभर" असे स्पष्ट छापले असेल तर ते संरक्षण उरत नाही. संगणकावर बटण दाबून केलेला करार केवळ कागदावर नाही म्हणून रद्द ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गाण्याच्या बाबतीत फार चुका होतात. सिनेमातले गाणे मागे लावले की चित्रफीत बाद होते किंवा यूट्यूबवर अडकते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. त्याऐवजी हातोडीचा ठोका, शिवणयंत्राची खडखड, बाजारातली आरोळी वापरावी. हा आवाज फुकट मिळतो आणि तो अस्सल असतो. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची लेखी संमती घ्यावी. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची घ्यावी. कारखान्यात चित्रण करायचे तर मालकाची परवानगी हवी.

बक्षीस देण्यापूर्वी "प्रक्रिया शुल्क" किंवा मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक मागणारी स्पर्धा खोटी समजावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

हिशेब मांडून उतरा

समजा, दोन दिवस दुकान अर्धवेळ बंद राहिले आणि त्यात पंधराशे रुपयांची कमाई बुडाली. माइक भाड्याने आणला, संकलन करणाऱ्याला मजुरी दिली, प्रवेश शुल्क भरले, असे आणखी अडीच हजार गेले. एकूण चार हजार झाले. बक्षीस मिळेल असे धरून हा खर्च करणे म्हणजे जुगार झाला. पण तीच चित्रफीत स्पर्धेनंतर दुकानाच्या जाहिरातीला, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला किंवा पुढच्या स्पर्धेला वापरता येणार असेल, तर चार हजार ही गुंतवणूक ठरते. आणि ती वापरता येईल की नाही, हे केवळ त्या अटींवर अवलंबून असते. बक्षीस लागलेच तर त्यावरच्या कराबद्दल आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

मूळ चित्रण कधीही पुसू नये. दोन ठिकाणी जपून ठेवावे आणि त्यावर तारीख घालावी. उद्या मालकीचा वाद उभा राहिला तर तोच आपला पुरावा.

मोबाइल हातात आहे, हुन्नर अंगात आहे. आपल्या तरुणांना या कामापासून रोखण्याचे कारण नाही. वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की स्पर्धेच्या अटी मुलाबरोबर बसून एकदा मोठ्याने वाचाव्यात, दुकानाचा भाडेकरार वाचतात तशा. नंतरच बटण दाबावे.