बाळंतपणाच्या रजेचा खर्च कोणाच्या खाती?

गेल्या लग्नसराईत टोपी बाजारातील एका स्नेह्यांच्या कापड-दुकानी आम्ही बसलो होतो. त्यांच्याकडे माणसे बारा. हिशेब पाहणाऱ्या मुलीने बाळंतपणाची रजा मागितली होती. पगार २४,००० रुपये. २६ आठवड्यांचे सुमारे १,४४,००० होतात, आणि बदलीच्या माणसाचा पगार निराळा. समोरच्या दुकानी सारे पुरुष, तेथे या सदरी शून्य. स्नेही म्हणाले, "शेठजी, पुढच्या खेपेस मुलगाच ठेवीन."

त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आमच्या धान्याच्या पेढीवर माणसे नऊ. कायदा दहांपासून लागू होतो, म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्याकडील मुलीस एक महिन्याचा पगार देऊन, ओटी भरून निरोप दिला व तिच्या जागी मुलगा नेमला. त्या वेळी आपण उदारपणे वागलो असेच आम्हांस वाटले होते!

हा प्रश्न आजचा नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तेथे हिंदी कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी होते. त्या परिषदेने ठरविले की, प्रसूतीचे साहाय्य सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून मिळावे. पुढे मुंबई कायदेमंडळात प्रसूति-साहाय्याचे बिल आले. १९२८ साली त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा. तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा काही अंशी तोही देणे लागतो. १९२९ चा कायदा झाला तो मात्र सारा भार मालकावर टाकून. पुढील तीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण उतरत गेले. नवी यंत्रे, रात्रपाळीची बंदी ही कारणे होतीच. परंतु बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेब गिरणीमालकासही आमच्या स्नेह्यांइतकाच येत होता.

१९४८ च्या राज्य विमा कायद्याने निराळी वाट काढली. तेथे स्त्री-पुरुष सर्वांच्या पगारावर वर्गणी. २०१९ पासून मालकाची शेकडा ३.२५ व नोकराची ०.७५. रजेचा पैसा विम्यातून येतो, म्हणून बाई नेमली तरी मालकाचा खर्च वाढत नाही. परंतु २०१७ साली २१,००० रुपये पगाराची मर्यादा ठरली. तीवरील नोकर आणि दहांपेक्षा लहान दुकाने बाहेर राहिली. त्याच वर्षी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. ती तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत लागू आहे. विम्याबाहेरच्या नोकरांचा पैसा मात्र आजही एकट्या मालकानेच द्यावयाचा. (बापास केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात, आमच्या हमालांना बारशाचा एक दिवस मिळाला तरी पुष्कळ.)

व्यापारीबंधूंनो, धान्याच्या व्यापारात पोत्यामागे धर्मादा काढण्याची रीत आपण सर्व जाणतो. पाणपोईचे पाणी कोण पितो, हे पाहून कोणी धर्मादा देत नाही. मग येथेच "माझ्या दुकानी बाई नाही" हे उत्तर का चालावे? समजा, शंभर लहान पेढ्यांत पाचशे माणसे आहेत व सरासरी पगार १५,००० आहे. शेकडा एक घेतला तर दरमहा ७५,००० व वर्षास नऊ लाख जमतात. सहा महिन्यांचे ९०,००० प्रमाणे दहा बाळंतपणांचा पूर्ण पगार त्यातून निघतो. पेढीवर स्त्री असो वा नसो, वर्गणी सारखीच. सरकारने आपला वाटा घालावा, हे मागणे आपण सोडू नये. पण ते येईपर्यंत हात बांधून बसणे आमच्या मनास पटत नाही.

येत्या वार्षिक सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. आमच्या नऊ माणसांचे शेकडा एक प्रमाणे वर्षाचे १६,२०० रुपये होतात. तशी चिठ्ठी कोषाध्यक्षांकडे दिली आहे. त्या मुलीचा राहिलेला पाच महिन्यांचा पगारही आम्ही गेल्या दिवाळीत पाठविला. तिने तो ठेवून घेतला. कामावर परत येण्याविषयी विचारले तेव्हा, आता दुसरीकडे लागले आहे, एवढेच उत्तर आले.