जाळीतले दगड

ओढ्याच्या वळणावर ज्याचे शेत असते, त्याला पावसाळ्याची भीती निराळी समजावून सांगावी लागत नाही. दरसाल हात-दोन हात काठ ढासळतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते, औत मात्र अलीकडूनच वळवावे लागते.

आमच्या गावी असाच एक काठ राखण्यासाठी सिमेंटात दगडी भिंत बांधली होती. दिसायला मोठी देखणी! तिसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झाली. लोक म्हणाले, ओढ्याने पाडली. पण भिंत पडली होती ओढ्याच्याच अंगाला. म्हणजे ढकलणारा मागे होता. मागच्या मातीत पाणी तुंबले आणि त्याला बाहेर पडायला भिंतीत एक भोक ठेवलेले नव्हते. भिंतीमागे दोन मीटर पाणी उभे राहिले, तर तिच्या दर मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा बसतो. पाणी चार मीटर झाले, की हा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. मातीचा रेटा वेगळाच.

तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून रचलेल्या भिंतीमागे असे पाणी तुंबत नाही. ते दगडांच्या फटींतून निघून जाते. या पेटीला गॅबियन म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘मोठा पिंजरा’. युरोपात पूर्वी तोफांच्या आडोशाला मातीने भरलेल्या वेताच्या टोपल्या ठेवीत, त्यांचेही नाव हेच. पुढे इटलीतच, बोलोन्याजवळ रेनो नदीच्या काठी, १८९४ साली तारेच्या जाळीतले दगड वापरले गेले. आपल्याकडे नाल्यांवरचे गॅबियन बंधारे आता पुष्कळांच्या पाहण्यातले आहेत.

मग जाळी कशाला, नुसते दगड का नकोत? लहान ओघळीला अनगड दगडांचा बांध पुरतोच. पण पाण्याला जोर असला, की ते एकेक धोंडा उचलून नेते. जाळीत ते सारे एक होतात. फटी धरूनही काळ्या दगडाच्या एक घनमीटर पेटीचे वजन अठराशे किलोच्या आसपास भरते. ते हलवणे सोपे नाही.

बिघडते ते बहुधा कामात. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, दुहेरी पिळाची, षट्कोनी घरांची असावी. कुंपणाच्या साध्या जाळीची एक तार तुटली, की विणकामाचा टाका सुटावा तशी ती उसवत जाते. दगड जाळीच्या घरापेक्षा मोठा, टणक हवा. कोकणातल्या मंडळींनी जांभा वापरण्याचा मोह टाळावा. तो झिजतो, फुटतो. ट्रॉली ओतून पेटी भरू नये. दर्शनी बाजूचे दगड हाताने, नीट बसवून लावावेत. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश भरल्यावर पुढची व मागची जाळी आडव्या तारांनी एकमेकींना बांधावी. नाहीतर भिंतीचे पोट सुटते!

भिंतीच्या मागे खडीचा थर किंवा गाळणीचे कापड घालायला विसरू नये. पाण्याबरोबर मातीही फटींतून निघून जाऊ लागली, तर भिंत उभी आणि शेत पोकळ, अशी गत होते. दोन्ही टोके काठात चांगली आत मुरवावीत. पायथ्याशी ओढ्याच्या अंगाला जाळीची पातळ, रुंद गादी पसरावी. पाणी तळ खरवडू लागले, की ही गादी वाकून खड्ड्यात बसते आणि पाया उघडा पडत नाही. सिमेंटची फरशी तिथे तडकली असती.

नाल्यात आडव्या घातलेल्या जाळीच्या बंधाऱ्यात पाणी टिकत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार खरी, अपेक्षा चूक. त्याचे काम पाण्याची धाव मोडणे आणि गाळ अडवणे. साठलेल्या गाळात आणि काठावर वाळा, निर्गुडी लावावी. जाळीची तार कधीतरी गंजणारच; तोवर मुळांनी माती धरलेली असावी.

शिक्षकबंधूंनी हे मुलांना दाखवावे. एका पसरट घमेल्यात ओल्या वाळूचा उतार करून त्याला पाटीचा टेकू द्या. शेजारी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत खडे भरून ती लावा. दोन्हींच्या मागे झारीने पाणी सोडा. पाटी केव्हा कलंडते, ते मुलेच सांगतील. पिशवीतून थोडी वाळूही वाहून येईल, तेव्हा खडीचा थर कशासाठी, हेही सांगता येईल.

आणि पहिला पूर ओसरला, की पक्कड व तारेचे भेंडोळे घेऊन भिंतीवरून एक फेरी मारावी. शिवण कुठे सुटली असेल, तर तिथेच बसून बांधून टाकावी. एक दगड निसटला, की वरचे खचतात आणि दुसऱ्या पुरात तिथे भगदाड पडते.