एकच नाव, जमेलाही आणि नावेही

गेल्या लक्ष्मीपूजनाला तुर्भ्याच्या एका गाळ्यात बसलो होतो. छोट्या धंदेवाल्यांच्या हिशेबाची आणि सरकारी कागदांची कामं करत मला २२ वर्षं झाली, त्यामुळे त्या संध्याकाळी चार-पाच वह्यांच्या पूजेचा प्रसाद ठरलेला. हा गाळा मिरची-हळद दळून पाकिटं भरणाऱ्या एका तरुणाचा. मिरचीच्या खाटानं भटजींसकट सगळे शिंकत होते. जुनी वही मिटण्याआधी त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘साहेब, ही लेव्ही कशाची? पगारावर माणसं चार. ट्रक खाली करणारा हमाल काही माझा नव्हे, तरी त्याचा फंड मी भरायचा?’’

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. उभी हयात बाजारात गोणी वाहिलेले. ते एवढंच म्हणाले, ‘‘मग मी कुणाचा होतो रे?’’

माथाडी कायदा समजावायला मला याहून नेमकं वाक्य अजून सापडलेलं नाही.

बाकीचे कायदे आधी उरकून टाकतो. दुकान-आस्थापनेची नोंद किंवा निदान सूचना हवी. १० माणसं झाली की ईएसआय (पगार २१ हजारांपर्यंत असेल तर) आणि ग्रॅच्युइटी. २० झाली की भविष्यनिर्वाह निधी. पाकिटं उधारीवर गेली आणि गिऱ्हाईक पैसे देईना, तर २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घालतो. झालं. हे आकडे मालकांना तोंडपाठ असतात. म्हणून तर नववा माणूस हसत घेतात आणि दहाव्याच्या वेळी माझा सल्ला घेतात.

माथाडी कायद्याला असा आकड्याचा उंबरठाच नाही, आणि माझं मन तिथंच रमतं. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. मुंबईत मशीद बंदर, दाणाबंदरच्या गल्ल्यांत सातारा-सांगलीकडून, जुन्नर-आंबेगावातून आलेली ही माणसं सकाळी एका शेठची गाडी खाली करत, दुपारी दुसऱ्याची. रात्री दुकानाच्या फळीवर नाहीतर फुटपाथवर झोपत. दिवसाला पाच मालक, म्हणजे एकही नाही. ज्याचा मालकच ठरत नाही त्याला रजा कोण देणार, पाय मोडला तर औषध कोण करणार?

पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याची खुबी अशी, की तो हमालाचा मालक शोधत बसलाच नाही. त्यानं मधे मंडळ उभं केलं. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचं. मालकानं मंडळात नोंद करायची, कामगारानंही करायची. काम टोळी करते. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ त्यातून कामगाराला पगार देतं; फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी हे सगळं लेव्हीतून निघतं. पन्नास दुकानांनी मिळून एक टोळी ‘ठेवली’, असं समजा. कायमचा हमाल परवडत नाही अशा छोट्या मालकासाठी मला तरी याहून शहाणी सोय दिसत नाही.

बाजार खाडी ओलांडून आला तशी माणसंही आली. कांदा-बटाटा १९८१ मध्ये वाशीला आला, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत माथाड्यांच्या वसाहती झाल्या. कोपरखैरण्याच्या गल्लीतून चालताना मी अजून वर बघत चालतो. बैठ्या घरांवर एकेक मजला चढत गेला. बोनस कुठल्या साली बरा मिळाला ते स्लॅब मोजून कळावं.

कांदा-बटाटा मार्केटात एकदा पहाटे मुद्दाम गेलो. ट्रकच्या फाळक्याशी दोघे, हातात आकडा. गोणीला आकडा रुतला, ‘हं’ असा आवाज, आणि ती तिसऱ्याच्या पाठीवर. त्याच्या डोक्यावर बारदानाची खोळ. तो थप्पीकडे गेला की मुकादम वहीत एक रेघ मारायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. मी वही मागितली तर म्हणाला, ‘‘बघा की. गाडी बदलती, शेठ बदलतो, वही एकच.’’ गोण ५० किलोहून जड नको, यावरून तिथं अधूनमधून काम थांबतं. व्यापारी कुरकुरतात. मला विचाराल तर एकदा ती गोण स्वतःच्या पाठीवर घेऊन बघावी आणि मग कुरकुरावं.

याचा अर्थ मालकाची तक्रार खोटी असते असा नाही. माझ्या एका अशिलाच्या गाळ्यावर पाचसहा जण आले, फोर्कलिफ्टनं उतरवलेल्या मालाची मजुरी मागू लागले. मंडळाचं ओळखपत्र एकाकडेही नव्हतं. त्या खंडणीला माथाडीचं नाव देणं हा खऱ्या माथाड्याचा अपमान आहे. माझा सल्ला साधा: नोंदणी क्रमांक विचारा आणि पैसे मंडळातच भरा, हातात नको.

घरी जेवण आणून देणाऱ्या पोरांचा मालक कोण, यावर आज वाद चालतो. राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला: मंडळ, नोंदणी, प्रत्येक कामामागे शुल्क. वाचताना मला मशीद बंदर दिसलं.

अण्णासाहेबांनी २२ मार्च १९८२ रोजी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं जीवन संपवलं. १९९८ मध्ये त्यांच्या नावानं आर्थिक मागास विकास महामंडळ निघालं. मुख्यतः मराठा तरुणांनी धंद्यासाठी बँकेकडून १५ लाखांपर्यंत कर्ज घ्यायचं. १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज, ठरलेल्या मर्यादेत, महामंडळ परत करतं. यातली मेख लक्षात ठेवा: हप्ता आधी तुम्ही भरायचा, व्याज मागून मिळतं. हाताशी चार महिन्यांचे हप्ते नसतील तर या वाटेला जाऊ नये, असं मी प्रत्येकाला बजावतो.

आमच्या मिरचीवाल्याची गिरणी याच कर्जावर आली आहे. म्हणून मी त्याला वहीची दुसरी बाजू दाखवली. परत आलेलं व्याज जमेला, लेव्ही नावे. दोन्हीकडे माणूस एकच.

तो काही बोलला नाही. नवी वही उघडून त्यानं ‘श्री’ काढला आणि मुहूर्ताची एक किरकोळ रक्कम जमेला टाकली. ‘‘आणि लेव्ही?’’ मी विचारलं.

उत्तर खुर्चीतून आलं. ‘‘उद्या भरंल. आज नावे टाकत नसतात.’’