समाजविकासाचे कार्यकर्ते आणि दूरशिक्षण

खेड्यांच्या विकासासाठी पैसा लागतो, योजना लागतात, यंत्रणा लागते, हे सर्वमान्य आहे. पण योजना कागदावरून गावात उतरविणारा माणूस कोठून आणावयाचा आणि त्याला शिकवावयाचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच दुय्यम मानला गेला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समाजविकास प्रकल्पांचा आरंभ झाला, तेव्हा शेतीपासून आरोग्यापर्यंत सर्व विषयांत गावकऱ्यांना साहाय्य करणारा ग्रामसेवक हा या कार्यक्रमाचा कणा ठरविण्यात आला. त्याला प्रशिक्षण केंद्रात ठेवून शिकविले गेले आणि मग गावात धाडले गेले. तथापि १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने कार्यक्रमाची तपासणी केली, तेव्हा लोकांचा पुढाकार जागविण्यात तो कमी पडल्याचे तिला आढळले. या अपयशाची कारणे अनेक होती. पण गावाबाहेर शिकलेला कार्यकर्ता गावात परकाच राहतो, हे त्यांपैकी एक नव्हते असे म्हणता येणार नाही.

आज या कार्यकर्त्याचे स्वरूप पालटले आहे. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी सेविका आली, २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली, बचत गटांची बांधणी करणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या. यांतील बहुसंख्य विवाहित असून त्याच गावात राहतात. चूल, मूल व शेत सांभाळून हे काम करतात. त्यांना सहा महिने वा वर्षभर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्यांची संख्या देशभरात लाखांच्या घरात असल्याने तेवढी वसतिगृहे व तेवढे शिक्षक उभे करणेही परवडणारे नाही. म्हणूनच दूरशिक्षणाकडे आशेने पाहिले जाते.

काटकसर कोठे होते?

भारतात विद्यापीठीय पातळीवरील पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात झाला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ग्रामीण विकास, समाजकार्य अशा विषयांचे शिक्षण आज या मार्गाने घेता येते. नोकरी करणाऱ्याला, संसारी स्त्रीला, शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणाला या संस्थांनी विद्येचे दार उघडले, हे त्यांचे कार्य निःसंशय मोठे आहे.

परंतु दूरशिक्षण स्वस्त असते, हे विधान जरा तपासून घेतले पाहिजे. पाठ्यपुस्तिका लिहिण्याचा, ध्वनिफिती व चित्रफिती तयार करण्याचा खर्च अर्थशास्त्राच्या भाषेत बहुतांशी स्थिर खर्च असतो. विद्यार्थी शंभर असोत की लाख, पुस्तिका एकदाच लिहावी लागते. त्यामुळे विद्यार्थीसंख्या वाढली की दर विद्यार्थ्यामागे येणारा खर्च झपाट्याने उतरतो. याउलट अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रे, स्वाध्याय तपासणारा व शंकानिरसन करणारा संमंत्रक, विद्यार्थ्याच्या गावी जाऊन काम पाहणारा पर्यवेक्षक यांवरील खर्च विद्यार्थ्यांबरोबरच वाढत जातो. तो संख्यावाढीने स्वस्त होत नाही. साहजिकच अंदाजपत्रकात काटछाट करण्याची वेळ आली की कात्री याच बाबींवर चालते. पुस्तिका राहतात, परीक्षा राहते, प्रमाणपत्र राहते. मधला माणूस तेवढा वगळला जातो. इतिहास वा वाणिज्य शिकणाऱ्याचे यामुळे नुकसान होते. समाजविकासाच्या कार्यकर्त्याच्या बाबतीत मात्र शिक्षणाचा हेतूच नष्ट होतो. कारण त्याला जे शिकावयाचे असते ते माणसांशी वागण्याचे शास्त्र आहे.

पुण्याचा धडा

या बाबतीत महाराष्ट्राच्या गाठी एक जुना व मोलाचा अनुभव आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांसाठी शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग करण्यात आला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होत. गावातील मंडळी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका व निर्णय केंद्राकडे कळवीत. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. श्रवणमंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जेथे मंडळे नव्हती तेथे ती नगण्य होती. ज्ञान दुरून येऊ शकते, पण ते रुजण्यासाठी गावात एकत्र बसणारी माणसे लागतात, हा या प्रयोगाचा निष्कर्ष आजही शिळा झालेला नाही.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि पुन्हा गावी जाऊन काम करीत. याला कोणी दूरशिक्षण म्हटले नाही. पण थोडे शिकणे, ते गावात करून पाहणे, अडचण घेऊन परत येणे व पुन्हा शिकणे, हा दूरशिक्षणाचा खरा प्राण त्यात होता. ‘आशां’च्या प्रारंभिक प्रशिक्षणाचे २३ दिवसही सलग न ठेवता वर्षभरात टप्प्याटप्प्याने विभागण्यात आले, त्यामागील विचार हाच होय.

गाव हीच प्रयोगशाळा

दूरशिक्षणाचे खरे सामर्थ्य स्वस्ताईत नाही. विद्यार्थ्याला त्याच्या गावातून न उपटता शिकविता येते, यात ते आहे. मात्र अभ्यासक्रमाची रचना त्याला अनुरूप हवी. बालकांच्या पोषणावरचा पाठ वाचून सेविकेने पाच प्रश्नांची उत्तरे लिहून पाठविली, तर तिला फक्त पुस्तिका समजली असे म्हणता येईल. त्याऐवजी आपल्या अंगणवाडीतील दहा मुलांची वजने तीन महिने नोंदवून, ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्या घरी जाऊन कारणे शोधण्याचा स्वाध्याय तिला दिला, तर चित्र वेगळे दिसेल. एका गावात आई ऊसतोडणीला गेलेली असेल, दुसऱ्या गावात पिण्याचे पाणी दूषित असेल. संपर्कसत्रात या दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे कोणत्याही पुस्तिकेत नसलेला पाठ तयार होतो.

२०२० च्या महामारीनंतर प्रशिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आणण्याकडे कल वाढला आहे. साधन म्हणून त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण घरात एकच मोबाइल असेल आणि तो पतीच्या वा मुलाच्या खिशात असेल, तर पडदा किती वेळ आणि कोणासाठी उजळतो, याचा विचार व्हावयास हवा. पुण्याच्या प्रयोगातील रेडिओ मंडळाचा होता, एकट्याचा नव्हता, हे येथे आठवावे.

म्हणून या क्षेत्रातील कोणत्याही अभ्यासक्रमाला मान्यता देताना तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. गावात केलेल्या कामाला लेखी परीक्षेइतके तरी गुण आहेत काय? दरमहा एक तरी संपर्कसत्र होऊन त्याचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी कार्यकर्तीला मिळते काय? आणि तिचे काम प्रत्यक्ष पाहणारा संमंत्रक नेमून त्याला योग्य मोबदला दिला जातो काय? या तिन्हींसाठी पैसा लागेल. तो द्यावयाचा नसेल, तर तेवढ्या काटकसरीतून प्रमाणपत्रे पुष्कळ निघतील, कार्यकर्ते निघणार नाहीत. आणि ज्या गावांच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो, ती गावे आहेत तेथेच राहतील.