सराव परीक्षा : निकाल नव्हे, निदान

हिवरा आश्रम परिसरातील अनेक मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. अंतिम परीक्षा जवळ आली की सराव परीक्षेचे गुण घेऊन पालक मला विचारतात, "मुलगी पास होईल ना?" गुण कमी असले तर काही जण शिक्षण थांबविण्याचीच भाषा बोलतात.

आपल्याकडे जीएनएमची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. अमेरिकेत मात्र शिक्षणानंतर 'एन्क्लेक्स' ही वेगळी परवाना परीक्षा द्यावी लागते. 1994 पासून ती संगणकावर होते. तिच्यापूर्वीच्या सराव परीक्षांचा तेथे बराच अभ्यास झाला आहे. सरावात चांगले गुण मिळविणारी विद्यार्थिनी बहुधा उत्तीर्ण होते. पण कमी गुणांची नापासच होईल, हे भाकीत पुष्कळदा चुकते, असे त्यात आढळले.

असे का होते? समजा, 100 मुलींपैकी 10 नापास होणार आहेत. सराव परीक्षेने 20 जणींना 'कच्च्या' ठरविले आणि त्या 10 पैकी 8 जणी त्यात अचूक सापडल्या. तरीही उरलेल्या 12 जणी उत्तीर्णच होणार! म्हणूनच अमेरिकेतील 'नॅशनल लीग फॉर नर्सिंग' या संस्थेने 2012 साली, एकाच चाचणीवरून विद्यार्थिनीचे भवितव्य ठरवू नये, अशी भूमिका घेतली.

मग सराव परीक्षेचा उपयोग काय? थर्मामीटर ताप दाखवितो, त्याचे कारण शोधावे लागते. तसेच येथे आहे. न पाहिलेली प्रश्नपत्रिका पुस्तक बंद ठेवून, ठरलेल्या वेळेत सोडवावी. नंतर चुकांचे तीन भाग करावेत : माहितीच नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, हिशेब चुकला. उदाहरणार्थ, 500 मि.लि. सलाईन 4 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून 1 मि.लि.ला 15 थेंब पडतात, तर मिनिटाला सुमारे 31 थेंब हवेत. येथील चूक परीक्षेत एक गुण घालविते; वॉर्डात ती रुग्णाला भोवते.

तीन-चार आठवड्यांनी दुसरी प्रश्नपत्रिका सोडवून कोणत्या चुका कमी झाल्या, ते पाहावे. पालकांनीही "किती गुण मिळाले?" याऐवजी "कोठे चुकले?" असे विचारावे. कमी गुण हे अभ्यास वाढविण्याचे कारण आहे, मुलीला घरी बसविण्याचे नव्हे.